गेम चालतोय, पण आवाज कुठं अडलाय?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा विश्रामबागेतून रिक्षात सीपीयू घालून माझ्याकडं आला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि जीटी ७१० हे छोटं ग्राफिक्स कार्ड. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळं ही चांगली चालती मशीन एका दिवसात 'जुनी' ठरली होती. आम्ही तिच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. संध्याकाळी पहिला गेम उघडला आणि आतून हाक आली, "मामा, चालतोय की! पण आवाजच यीना झालाय."

त्या संध्याकाळी जे केलं आणि त्यानंतर शेजारपाजारच्या मशीनवर जे शिकलो, ते इथं क्रमानं लिहितोय. सांगली-मिरजेत घरोघरी असे असेंबल केलेले पीसी आहेत. ते भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. तिच्यातल्या आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत टाकायच्या. जिथं मोठी अक्षरं लागतात तिथं तसं सांगितलंय.

टाकण्याआधी तपासा

नवख्या माणसाला मी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती सुचवतो. २२ किंवा त्यापुढची घ्या, कारण २२ पासून आवाजाचं काम पाइपवायर या नव्या यंत्रणेकडं आलंय आणि खाली लिहिलेलं सगळं तिच्यावरच आहे. चार जीबी रॅम असेल तर मिंट नीट चालतं. गेमसाठी आठ बरी.

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केलं की ते हार्ड डिस्कला हात न लावता चालतं. बहुतेक जण इथं घाई करतात आणि लगेच इन्स्टॉलचं बटण दाबतात. तसं करू नका. आधी वायफाय जोडा, ब्राउझरमध्ये एखादं गाणं लावा, मागच्या हिरव्या जॅकला स्पीकर लावून ऐका, मग पुढच्या जॅकला हेडफोन लावून ऐका, माइकवर दोन वाक्यं बोलून बघा. पेन ड्राइव्हवर आवाज आला, तर इन्स्टॉल केल्यावरही तो येणार. नाही आला, तर अडचण काय आहे ते डेटा पुसला जाण्याआधीच कळलं.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्यामुळं लिनक्समध्ये कधी विंडोजचं पार्टिशन कुलूपबंद दिसतं, तर कधी साउंड कार्डच जागं होत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर पहिलं काम टाइमशिफ्टचं. ते मिंटमध्ये आधीपासून असतं. त्यात सिस्टिमची एक प्रत काढून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, अपडेट चालू असताना लाइट गेली तर मशीन सुरू व्हायची बंद होऊ शकते. प्रत असली तर अर्ध्या तासात गाडी परत रुळावर येते.

ग्राफिक्स कार्ड आणि व्हल्कन

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो कसा, हे एकदा समजून घेतलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. मधे एक दुभाषी बसलेला असतो. गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो आणि दुभाषी ती लिनक्सला समजेल अशी करून सांगतो. या दुभाष्याचं मूळ नाव वाइन. त्याचं काम १९९३ पासून चालू आहे. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ मध्ये वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं आणि चित्र पालटलं. २०२२ मध्ये त्याच कंपनीचा स्टीम डेक हा हातातला गेमिंग संगणक आला, तोही लिनक्सवरच चालतो. त्याच्यासाठी झालेली सगळी मेहनत आपल्या घरच्या पीसीला फुकट मिळते.

चित्र काढायच्या मागण्यांसाठी प्रोटॉनच्या आत वेगळे दुभाषी आहेत. डायरेक्ट-एक्स ११ पर्यंतच्या गेमसाठी डीएक्सव्हीके आणि १२ साठी व्हीकेडी३डी. दोघेही शेवटी व्हल्कन याच भाषेत बोलतात. म्हणून तुमच्या कार्डाला व्हल्कन येतं का, आणि कितवं येतं, हा कळीचा प्रश्न.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडा आणि मशीन रिस्टार्ट करा. एएमडी आणि इंटेलला वेगळं काही टाकावं लागत नाही. मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हल्कन-टूल्स घ्या आणि टर्मिनलमध्ये 'व्हल्कनइन्फो --समरी' चालवा. तिथं कार्डाचं नाव आणि एपीआयचा आकडा, म्हणजे व्हल्कनची आवृत्ती, दिसते. नावाच्या जागी फक्त 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर ड्रायव्हर लागलेलाच नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतोय.

एपीआयचा आकडा १.३ किंवा जास्त हवा. प्रोटॉन ८ पासून पुढं तो लागतोच. भाच्याच्या मशीनवर गाडी इथंच अडली होती. जीटी ७१० आपल्याकडच्या असेंबल पीसीत सर्रास असतं, पण त्याचा ड्रायव्हर ४७० च्या मालिकेवर थांबलाय आणि व्हल्कन १.२ च्या पुढं जात नाही. त्या दिवशी आम्ही जुनं प्रोटॉन ७ लावून काम भागवलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि त्याला १.३ येतं. कार्ड उपसून बाजूला ठेवलं, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली आणि नवं प्रोटॉन विनातक्रार चालू लागलं. खेळताना वेगात काही कमी झालंय असं जाणवलं नाही. तुमच्याकडं हीच जोडी असेल तर नवं कार्ड घेण्याआधी हे करून बघा, पैसे वाचतील. प्रोसेसर चौथ्या पिढीचा किंवा त्याहून जुना असेल तर मात्र व्हल्कन अपुरं पडतं. मग जुने गेम आणि मूळचे लिनक्सचे गेम यांवर समाधान मानावं लागतं.

स्टीम आणि बाकीची दुकानं

स्टीम नेहमीच्या डेब पॅकेजमधून टाका. मिंटऐवजी उबुंटू हे दुसरं लिनक्स वापरत असाल तर तिथली स्नॅप आवृत्ती टाळा, तिच्यात ड्रायव्हर आणि परवानग्यांच्या भानगडी निघतात. स्टीममध्ये लॉगिन करून सेटिंग्ज, मग कम्पॅटिबिलिटी. सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू करायचा पर्याय तिथं बंद दिसला तर तो चालू करा. बस. आता विंडोजच्या गेमलाही 'इन्स्टॉल' बटण दिसेल.

एखादा गेम उघडत नसेल तर त्याच्या नावावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथं दुसरं प्रोटॉन निवडा. त्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर गेमचं नाव शोधा. लोकांनी आपापल्या मशीनवरचे अनुभव तिथं लिहिलेत. प्लॅटिनम किंवा गोल्ड असेल तर बिनधास्त घ्या. 'बोर्क्ड', म्हणजे न चालणारा, असेल तर वेळ घालवू नका.

गेम विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवून दोन्हीकडून वापरायचा मोह होतो. मी स्वतः यात एक रविवार घालवलाय. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह बनवतं आणि तिच्या नावात विसर्गासारखे दोन टिंब असलेली खूण असते. एनटीएफएसला ती चालत नाही, परवानग्यांचाही घोळ होतो. जागा कमी असली तरी गेम लिनक्सच्या एक्स्ट-४ पार्टिशनवरच ठेवा. जागेचा अंदाज आधी घ्या, काउंटर-स्ट्राइक २ एकटाच ८५ जीबी मागतो.

एपिक या दुकानातले फुकट घेतलेले गेम असतील तर हिरॉइक गेम्स लाँचर टाका. जीओजी हे दुकानही त्यातच चालतं. सीडीवरचे जुने गेम असतील तर लुट्रिस.

काही गेम चालणारच नाहीत, हे पोरांना आधीच सांगा. व्हॅलोरंटचं चीट-रोधक व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या गाभ्यात बसतं, ते लिनक्सवर येत नाही. फोर्टनाइट नाही. जीटीए ५ ची कथा छान चालते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय हे चीट-रोधक आलं आणि तेव्हापासून ऑनलाइन भाग लिनक्सवर बंद आहे. यात तुमची चूक नाही आणि कुठल्याही आज्ञेनं हे सुटत नाही. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २, माइनक्राफ्टची जावा आवृत्ती हे मूळचेच लिनक्सवर आहेत. लहान मुलांसाठी सुपरटक्सकार्ट टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं, आणि आवाज तपासायलाही सोयीचं, कारण त्यात मधे दुभाषी नाही.

आता आवाज

आमच्या भागात शेताला पाणी पोचलं नाही की माणूस उगाच सगळी पाइपलाइन उकरत नाही. आधी मोटार चालू आहे का बघतो, मग व्हॉल्व्ह, मग चेंबर, मग पाट कुठं फुटलाय ते. आवाजाचंही तसंच करायचं. गेम आवाज तयार करतो, तो पाइपवायरकडं जातो, पाइपवायर तो कुठल्या साउंड कार्डाला द्यायचा ते ठरवतं, तिथून तो कर्नलमधल्या अल्सा या थराकडं जातो आणि शेवटी जॅकमधून स्पीकरला. पाणी कुठपर्यंत पोचलंय ते शोधा, दुरुस्ती आपोआप कळते. इंटरनेटवरून सापडलेल्या दहा आज्ञा एकामागून एक चिकटवल्या तर पाट अजून चार ठिकाणी फुटतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेलं लिहून ठेवा.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पाव्हूकंट्रोल घ्या. मेनूत ते 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' या नावानं दिसतं. नाव जुन्या पल्सऑडिओचं असलं तरी पाइपवायरवर तसंच चालतं. आवाजाच्या निम्म्या तक्रारी मी याच खिडकीत मिटवल्यात.

गेम चालू ठेवून ही खिडकी उघडा आणि 'प्लेबॅक' या भागात बघा. गेमचं नाव तिथं दिसतं का? त्याच्याखालची पट्टी हलते का? पट्टी हलत असेल तर गेम आवाज सोडतोय, प्रोटॉनची चूक नाही, अडथळा पुढं आहे. भाच्याच्या मशीनवर पट्टी झकास नाचत होती. गेमच्या ओळीवर उजवीकडं 'एचडीएमआय' लिहिलं होतं. म्हणजे आवाज केबलमधून मॉनिटरला जात होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. तिथं क्लिक करून 'बिल्ट-इन ऑडिओ अॅनालॉग स्टीरिओ' निवडलं आणि खोलीत एकदम इंजिनचा आवाज घुमला. पोरगं खुर्चीतून उठून नाचलं.

हे कायमचं करायला 'आउटपुट डिव्हायसेस' मध्ये अॅनालॉगपुढचं हिरव्या बरोबरच्या खुणेचं बटण दाबा. 'कॉन्फिगरेशन' मध्ये एचडीएमआयचं प्रोफाइल 'ऑफ' केलं तर ते परत मधे येत नाही. मॉनिटरमधून आवाज कधीच नको असेल तर मी हेच करतो.

अॅनालॉग यादीत आहे, पट्टीही हलते, तरी शांतता? मग अल्सा बघा. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' लिहा, एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा. उभ्या पट्ट्या दिसतील. ज्याच्या तळाशी 'एमएम' आहे तो म्यूट आहे. बाणानं तिथं जा आणि एम दाबा, 'एमएम' जाऊन दोन शून्यं आली पाहिजेत. मास्टर, हेडफोन, फ्रंट, पीसीएम चारही बघा. उजवीकडं शेवटी 'ऑटो-म्यूट मोड' असतो. मागं स्पीकर आणि पुढं हेडफोन दोन्ही लावून ठेवणाऱ्यांचे स्पीकर यामुळंच गप्प होतात. तो 'डिसेबल्ड' करा.

यादीत साउंड कार्डच नाही, फक्त 'डमी आउटपुट' दिसतंय, तर गोष्ट वेगळी. आधी पाइपवायर पुन्हा सुरू करा: 'सिस्टिमसीटीएल --युजर रिस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर'. पहिला शब्द सलग, त्याचा शेवट सी-टी-एल असा. आज्ञेपुढं सुडो (अॅडमिनचा अधिकार मागणारा शब्द) लावायचं नाही, कारण ही सेवा तुमच्या खात्याची आहे. त्यानं भागलं नाही तर 'एप्ले -एल' चालवा. कर्नलला दिसणारी कार्डं तो दाखवतो. तिथंही काही नसेल तर मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, मिनिटभर थांबून लावा. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड ऑडिओ चालू आहे का ते बघा. गेल्या काही वर्षांतल्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपना साउंड ओपन फर्मवेअर लागतं. ते मिंट आणि उबुंटूच्या अपडेटबरोबर येतं, म्हणून अपडेट पूर्ण करा आणि अपडेट मॅनेजरमधून नवं कर्नल घेऊन बघा.

उलट बाजूनं, प्लेबॅकमध्ये गेमचं नावच येत नसेल आणि ब्राउझरला मात्र आवाज असेल, तर अडथळा गेमच्या बाजूला आहे. गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आउटपुट काय निवडलंय ते बघा, ५.१ असेल तर स्टीरिओ करा, मग दुसरं प्रोटॉन लावा. काही गेममध्ये मधल्या व्हिडिओच्या जागी टीव्हीवरच्या चाचणीसारखे रंगीत पट्टे येतात किंवा संवाद गायब असतात. प्रोटॉनमध्ये तो व्हिडिओचा प्रकार उघडायची सोय नसते म्हणून हे होतं. प्रोटॉनअप-क्यूटी टाका, त्यातून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची सुधारलेली आवृत्ती उतरवा, स्टीम बंद करून उघडा आणि त्या गेमला ते लावा. बहुतेक वेळा सुटतं.

तडतड

आवाज येतो, पण कढईत मोहरी तडतडल्यासारखा. नवख्यांना ही तक्रार सगळ्यात जास्त सतावते आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पाइपवायर आवाज लहान लहान घासांत पुढं पाठवतं. एका सेकंदात ४८,००० नमुने. १०२४ नमुन्यांचा घास म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे जेमतेम ५. घास लहान असेल तर गोळी झाडल्या क्षणी आवाज येतो, पण प्रोसेसर गेममध्ये अडकलेला असेल तर पुढचा घास वेळेवर पोचत नाही. तेवढ्या रिकाम्या जागेत 'टक' वाजतं.

खात्री करायची असेल तर गेम खिडकीत चालू ठेवून टर्मिनलमध्ये 'पीडब्ल्यू-टॉप' लावा. 'ईआरआर' नावाच्या स्तंभात गेमच्या किंवा साउंड कार्डाच्या ओळीपुढचा आकडा बघत राहा. सुरुवातीला दोन-चार चुका मोजल्या गेल्या तर काही नाही. प्रत्येक तडतडीबरोबर आकडा वाढत असेल तर घास मोठा करायला हवा.

एकाच गेमला त्रास असेल तर स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लाँच ऑप्शन्स' आहे. तिथं मोठ्या अक्षरांत पल्स, लेटन्सी, एमसेक हे तीन शब्द मधे अंडरस्कोअर देऊन जोडून लिहा, लगेच बरोबरचं चिन्ह आणि ६०, मग एक जागा सोडून टक्क्यांच्या दोन चिन्हांमध्ये लहान अक्षरांत 'कमांड'. त्या गेमला आता ६० मिलिसेकंदांची ऐसपैस जागा मिळते. सगळीकडंच तडतडत असेल तर 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १०२४' चालवा. हा बदल मशीन रिस्टार्ट केल्यावर जातो, त्यामुळं बिनधास्त करून बघता येतो. १०२४ च्या जागी ० दिलं की लगेच पूर्ववत. २०४८ पर्यंत जायला हरकत नाही, त्यापुढं आवाज हातामागं राहायला लागतो.

गेम चालू असताना नाही, पण आवाज सुरू होताना आणि थांबताना 'फट्' होत असेल तर ते वेगळं. रिकामं बसलेलं साउंड कार्ड वीज वाचवायला झोपतं आणि उठताना हा आवाज करतं. लॅपटॉपवर टीएलपी हे बॅटरी वाचवणारं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्यातली आवाजाची वीजबचत बंद करा.

ब्लूटूथ, जॅक आणि अर्थिंग

ब्लूटूथ हेडफोनवर संगीत सुरेख ऐकू येतं, पण मित्रांशी बोलायला माइक चालू केला की सगळं जुन्या लँडलाइनसारखं होतं. हेडफोन बिघडलेला नाही. चांगल्या आवाजाच्या ए२डीपी प्रकारात हेडफोनचा माइक चालत नाही. माइक लागला की यंत्रणा फोनवर बोलायच्या प्रकारावर उतरते. उपाय स्वस्त आहे: 'इनपुट डिव्हायसेस' मध्ये लॅपटॉपचा किंवा वायरचा वेगळा माइक मुख्य करा आणि 'कॉन्फिगरेशन' मध्ये हेडफोनला ए२डीपीवर ठेवा. तरीही ब्लूटूथला थोडा उशीर राहतोच. नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला मी वायरचा हेडफोनच घ्यायला लावतो.

असेंबल पीसीचा पुढचा जॅक मेलेला असेल तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालण्याआधी वीज बंद करून झाकण उघडा. कॅबिनेटच्या पुढून येणारी 'एचडी ऑडिओ' लिहिलेली छोटी केबल मदरबोर्डला लावलेलीच नसते, असं मी दोनदा पाहिलंय.

आणि स्पीकरमधून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येत असेल, माउस हलवला की त्यात किरकिर मिसळत असेल, तर लिनक्सला दोष देऊ नका. गावभागातल्या एका जुन्या घरात मी तासभर सेटिंग चाळत बसलो होतो. शेवटी त्यांच्या आजोबांनी विचारलं, "त्या बोर्डाला अर्थिंग हाय का बघितलंस का?" नव्हतं. पीसी एका भिंतीच्या बोर्डावर आणि स्पीकर दुसऱ्या. दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर घेतले तेव्हा घूं निम्म्यावर आली, आणि पुढच्या आठवड्यात वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतल्यावर पूर्ण गेली.

एवढं करूनही अडलंच, तर कुणाला विचारताना 'आवाज येत नाही' एवढंच लिहू नका. मिंटमधल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन' मधून माहिती कॉपी करा, 'एप्ले -एल' ची यादी जोडा, प्लेबॅकमधली पट्टी हलते की नाही ते लिहा, आणि गेमचं नाव व प्रोटॉनची आवृत्ती द्या. भाच्यानं यासाठी एक शंभर पानी वही केलीय. डाव्या पानावर गेम, उजव्या पानावर कुठलं प्रोटॉन चाललं आणि काय बदललं. परवा त्याच्या मित्राचं मशीन त्यानं त्या वहीवरूनच लावून दिलं, मला फोनसुद्धा केला नाही.